टाके घातलेला वाडगा

टोकियोच्या राष्ट्रीय संग्रहालयात ‘बाकोहान’ नावाचा चहाचा वाडगा आहे. चीनच्या झेजियांग प्रांतातल्या लोंगच्युआन भट्ट्यांमध्ये तो १३व्या शतकात, दक्षिण सोंग राजवटीत घडला. काठाला सहा ठिकाणी हलकी खाच देऊन त्याला फुलाचा आकार दिला आहे, अलंकार तेवढाच. बाकी सारं सौंदर्य घाटाचं आणि झिलईचं.

ही झिलई नीट बघावी. रंग वर फासलेला वाटत नाही, आतून उमटल्यासारखा वाटतो. झिलईत लोहाचा अंश अगदी थोडा असतो; भट्टीतली हवा कोंडून भाजलं की तोच निळसर हिरवा होतो. लोंगच्युआनच्या कुंभारांनी दाट झिलईचे थरावर थर चढवले. त्यात अडकलेले बारीक बुडबुडे आणि न वितळलेले कण उजेड विखरून टाकतात, म्हणून तिला जेडसारखी मऊ, ओलसर आभा येते. नुसती काचेची चकाकी दिसली की पारखी सावध होतो.

मग पारखी भांडं उलटं करतो. लोंगच्युआनच्या भांड्यांत बुडाची कडा जिथे उघडी राहते, तिथे माती तांबूस होते. भट्टी निवताना हवा लागून मातीतलं लोह पुन्हा रंग बदलतं. नकली भांड्यावर हाच तांबूसपणा वरून रंगवलेला असतो, आणि तो झिलईच्या कडेशी मिसळत नाही.

१७२७ साली जपानी विद्वान इतो तोगाईंनी या वाडग्याची कथा लिहून ठेवली. त्या कथेत तो १२व्या शतकात जपानी सरदार तायरा नो शिगेमोरी यांना चीनमधून भेट मिळाला. पण शिगेमोरी ११७९ मध्ये वारले, आणि अशी निळसर, दाट झिलई १३व्या शतकातली. इथे कथेपेक्षा झिलईची साक्ष मोठी.

कथेचा उत्तरार्ध मात्र वाडग्याच्या अंगावरच आहे. शोगुन आशिकागा योशिमासांच्या काळात त्याला तडा गेला. तसाच दुसरा द्यावा म्हणून तो मिंग चीनला पाठवला, तर आता असा घडत नाही, असं उत्तर आलं आणि तडा धातूच्या टाक्यांनी सांधून वाडगा परतला. एरवी तडा भांड्याची किंमत उतरवतो. इथे टाके झाकलेले नाहीत, झिलईही त्यांच्यापुढे कमी पडत नाही. इतक्या उघड्या जखमेसह जे देखणं राहतं, त्याचं मोल भंगलेपणाने घटत नाही, असं मला ठामपणे वाटतं.