विलाप आणि निवाडा : मायकल जॅक्सन यांच्या मृत्यूला मिळालेला संमिश्र प्रतिसाद

१

बेंगळुरूमधील इंदिरानगर ही वसाहत लोकप्रिय संस्कृतीच्या अभ्यासकाला विचारात पाडणारी आहे. इंदिरानगर संगीत सभेचे पुरंदर भवन येथेच आहे. तेथे कर्नाटक संगीताचा जाणता श्रोता जमतो. त्याच वसाहतीतील १०० फुटी रस्त्यावरच्या मद्यगृहांतून पाश्चात्त्य लोकप्रिय संगीत ऐकू येते. एकाच शहराच्या एकाच भागात श्रवणाच्या दोन परंपरा शेजारी नांदतात. पण एखाद्या गायकाच्या मृत्यूनंतर शोक कसा करावा, याविषयी त्यांच्यात एकवाक्यता असेलच असे नाही.

या शहरातील दोन प्रसंगांवरून हे स्पष्ट होते. १२ एप्रिल २००६ रोजी राजकुमार यांचे निधन झाले. ते कन्नड चित्रपटसृष्टीचे सर्वमान्य नायक होते. शिवाय ते गायकही होते आणि पार्श्वगायनाचा राष्ट्रीय पुरस्कार त्यांना लाभला होता. निधनाची वार्ता पसरताच शहराचे व्यवहार थांबले. अंत्ययात्रेच्या दिवशी दगडफेक आणि जाळपोळ झाली, पोलिसांनी गोळीबार केला, माणसे मेली. एका पोलिसालाही जमावाने ठार मारले. या शोकाचा विषय निर्विवाद होता. राजकुमार यांच्या थोरवीविषयी कोणाचेच दुमत नव्हते. मतभेद होता तो शोकाच्या रीतीविषयी. एका वर्गाने तिला निव्वळ गुंडगिरी ठरवले. दुसऱ्या वर्गाला तीत आपल्याच शहरात परका होत चाललेल्या कन्नड भाषकाचा साचलेला क्षोभ दिसला.

तीन वर्षांनी, २५ जून २००९ रोजी, लॉस एंजेलिस येथे मायकल जॅक्सन वयाच्या पन्नासाव्या वर्षी मरण पावले. बेंगळुरू थांबले नाही. मात्र जॅक्सन यांचे नृत्य या प्रदेशात परके राहिलेले नव्हते. मैसूर येथे जन्मलेल्या प्रभुदेवा यांनी १९९४ सालच्या 'कादलन' या तमिळ चित्रपटातून त्या नृत्यशैलीला भारतीय देह दिला होता. या मृत्यूच्या वेळी शोकाच्या रीतीविषयी वाद नव्हता. वाद शोकाच्या विषयाविषयीच होता. या माणसासाठी शोक करावा की करू नये, हा प्रश्न जगभर उघडपणे विचारला गेला. प्रस्तुत लेखाचा विषय हा दुसऱ्या प्रकारचा संमिश्र प्रतिसाद आहे. हा संमिश्रपणा सामान्यतः समाजाच्या गोंधळाचे किंवा ढोंगीपणाचे लक्षण मानला जातो. तो तसा आहे का, की शोकाच्या एका जुन्या वाङ्मयीन रूपाचे ते विस्कळीत अवशेष आहेत, हे येथे तपासायचे आहे.

२

प्रथम वस्तुस्थिती. जॅक्सन यांच्यावर १९९३ मध्ये बालकाच्या लैंगिक शोषणाचा आरोप झाला आणि १९९४ मध्ये ते दिवाणी प्रकरण न्यायालयाबाहेर पैशाच्या तडजोडीने मिटले. दुसऱ्या एका प्रकरणात जून २००५ मध्ये ज्यूरीने त्यांना सर्व आरोपांतून निर्दोष ठरवले. त्यांच्या उजळत गेलेल्या त्वचेविषयी जगभर टवाळी झाली. स्वतःच्या वंशाची लाज वाटणारा माणूस अशी त्यांची प्रतिमा रंगवली गेली. त्वचेवर पांढरे डाग पाडणारा कोडाचा विकार आपल्याला आहे, असे त्यांनी १९९३ मध्ये सांगितले होते, पण त्यावर फारसा विश्वास ठेवला गेला नाही. शवविच्छेदनाने त्या विकाराला दुजोरा दिला. म्हणजे मृत्यूनंतर समाजापुढे एकाच वेळी दोन हिशेब उभे राहिले. पहिला, समाजाने त्यांच्यावर केलेल्या अन्यायाचा. दुसरा, त्यांनी इतरांवर केला असल्यास त्या अन्यायाचा.

७ जुलै २००९ रोजी लॉस एंजेलिस येथे झालेल्या जाहीर स्मृतिसभेने पहिला हिशेब मांडला. त्या सभेत रेव्हरंड अल शार्प्टन यांनी जॅक्सन यांच्या मुलांना उद्देशून भाषण केले. विचित्र होते ते तुमच्या वडिलांच्या वाट्याला आलेले दिवस, वडील नव्हेत, असा त्याचा आशय होता. त्याच सुमारास न्यूयॉर्कचे काँग्रेस सदस्य पीटर किंग यांनी या गौरवावर जाहीर हल्ला चढवला आणि दुसरा हिशेब पुढे केला. एका बाजूने आरोपांना बव्हंशी बगल दिली, दुसऱ्या बाजूने कलेला. दोन्ही बाजूंनी सांगितलेल्या गोष्टींपेक्षा त्यांनी गाळलेल्या गोष्टी अधिक बोलक्या आहेत. प्रत्येकीला आपला शोक किंवा आपला निषेध निर्भेळ हवा होता.

३

शोकात अशी निर्भेळता असलीच पाहिजे, हा आग्रह भारतीय महाकाव्यांना ठाऊक नाही. वाल्मीकीच्या युद्धकांडातील रावणवधानंतरचा भाग या दृष्टीने पुन्हा वाचण्याजोगा आहे. येथे रावणाशी जॅक्सन यांची तुलना अभिप्रेत नाही. तुलना आहे ती मृत्यूनंतरच्या वाचांची. त्या प्रसंगात अशा तीन वाचा ऐकू येतात.

पहिली वाचा बिभीषणाची. भावाच्या प्रेताशी तो आधी रडतो. परंतु अंत्यसंस्काराची वेळ येते तेव्हा, धर्म सोडलेल्या आणि परस्त्रीला हात घालणाऱ्या या माणसाचे संस्कार आपण करणे योग्य नाही, असे म्हणतो. हा निवाडा आहे. दुसरी वाचा रामाची. वैर मरणापाशी संपते, कार्य झाले आहे, आता संस्कार कर, असे तो सांगतो. हे औचित्य आहे. या वाचेत मृताचा गुणगौरव असू शकतो, पण तिचे मुख्य काम हिशेब मिटवणे हे आहे. आपल्याकडे गेलेल्या माणसाविषयी वाईट बोलू नये, हा संकेत याच वाचेचा वारसा सांगतो.

तिसरी वाचा मंदोदरीची आहे आणि ती या दोहोंहून वेगळी आहे. ती नवऱ्याच्या रूपाचे, पराक्रमाचे, सहवासाचे स्मरण करीत रडते. त्याच विलापात ती त्याला सुनावते की, ज्या इंद्रियांना तू तपाने जिंकलेस त्यांनीच वैर स्मरून तुला जिंकले. कुळाने, रूपाने, दाक्षिण्याने सीता माझ्याहून अधिक नव्हती, तरी तुला मोहापायी ते दिसले नाही, असेही ती म्हणते. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, ज्या स्त्रियांना रावणाने विधवा केले त्यांची आठवण ती काढते. पतिव्रतांचे अश्रू भूमीवर उगाच पडत नाहीत, असे ती नवऱ्याच्या प्रेताशी बसून म्हणते. म्हणजे अन्याय झालेल्यांची साक्ष फिर्यादीच्या तोंडून नव्हे, तर सर्वांत जवळच्या शोककर्तीच्या तोंडून नोंदवली जाते. तिच्या दोषदर्शनाने तिचे दुःख उणे होत नाही आणि दुःखामुळे दोष पुसट होत नाही.

या तीन वाचांच्या प्रकाशात २००९ मधील प्रतिसाद पाहिला तर त्यातील उणीव नेमकी दिसते. निवाडा होता, औचित्यही होते. मंदोदरीची वाचा मात्र जाहीर व्यासपीठावर जवळजवळ नव्हती. ज्यांच्या मनात दोन्ही भावना होत्या अशा असंख्य श्रोत्यांना दोन छावण्यांपैकी एक निवडावी लागली, किंवा गप्प बसावे लागले.

४

हा प्रश्न मराठी समाजाला परका नाही. १ नोव्हेंबर १९९६ रोजी मुंबईत अंधेरी क्रीडा संकुलात जॅक्सन यांचा कार्यक्रम झाला. तो राज ठाकरे यांच्या पुढाकाराने, शिवउद्योग सेनेसाठी निधी उभारण्याच्या हेतूने योजला होता. विमानतळावर सोनाली बेंद्रे यांनी मराठी पद्धतीने पाहुण्याचे स्वागत केले; जॅक्सन 'मातोश्री'वरही गेले. शिवसेना-भाजप युतीच्या सरकारने कार्यक्रमाला करमणूक करातून सूट दिली. मुंबई ग्राहक पंचायतीने तिला न्यायालयात आव्हान दिले आणि हे प्रकरण इतके लांबले की करमाफीचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने पुन्हा घेतला तो जानेवारी २०२१ मध्ये, गायकाच्या मृत्यूनंतर साडेअकरा वर्षांनी.

महाराष्ट्रातील त्या वेळच्या वादाचे विषय ध्यानात घेण्यासारखे आहेत. संस्कृतिरक्षणाची भाषा बोलणाऱ्या पक्षाने पाश्चात्त्य गायकाला पायघड्या घालाव्यात का, आणि कर माफ करावा का, हे प्रश्न जोरात चर्चिले गेले. १९९३ सालचा आरोप तेव्हा जगाला माहीत होता. तरी मराठी वादाचा तो कणा झाला नाही. २००९ मध्ये शोक कोणी करावा हा प्रश्न आला, तेव्हा मराठी वाचकाच्या हाती जॅक्सनविषयीची जी स्मृती होती तीत तमाशा होता, राजकारण होते, कर होता. एखाद्या बालकाची साक्ष नव्हती. पूर्वीच्या चर्चेने जे ऐकलेच नाही ते मृत्यूनंतरच्या लेखनात येणे कठीण असते.

त्यात मराठी मृत्युलेखाचा संकेतही आडवा येतो. आचार्य अत्रे यांचे 'समाधीवरील अश्रू' आणि पु. ल. देशपांडे यांचे 'गुण गाईन आवडी' ही शीर्षके जरी पाहिली, तरी गेलेल्या आणि आवडलेल्या माणसांविषयीच्या मराठी गद्याचा कल कळतो. या परंपरेत उत्तम गद्य निर्माण झाले, हे मान्य करावे लागते. परंतु ती मुख्यतः औचित्याची परंपरा आहे. मंदोदरीला तीत फारशी जागा नाही.

जागा नसली की दोष नाहीसा होतो असे नव्हे. तो दुसऱ्या कोणावर तरी जातो. बालगंधर्व (१८८८–१९६७) यांच्या चरित्राची मराठीतील रूढ मांडणी याचे उत्तम उदाहरण आहे. या गायक-नटाच्या उतरत्या काळाचा ठपका दीर्घकाळ गोहरबाई कर्नाटकी यांच्यावर ठेवला गेला. कालक्रम मात्र या समजुतीला साथ देत नाही. गंधर्व नाटक मंडळी १९२०च्या दशकातच कर्जात बुडाली होती. बोलपट आल्यावर १९३०च्या दशकाच्या मध्यास तिचे पहिले पर्व संपले होते आणि १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभातच्या 'धर्मात्मा' या चित्रपटात उतरले होते. गोहरबाई त्यांच्याबरोबर रंगभूमीवर आल्या त्या त्यानंतर. पण आवडत्या कलावंताच्या उधळेपणाविषयी, त्याच्या निवडींविषयी बोलण्याची भाषा समाजापाशी नव्हती. म्हणून विजापूर भागातून आलेल्या एका मुसलमान गायिकेच्या माथी तो दोष मारणे सोयीचे झाले. पूजेला धक्का लागला नाही आणि रागालाही वाट मिळाली.

जॅक्सन यांच्या बाबतीत हे स्थान त्यांचे खाजगी डॉक्टर कॉनरॅड मरे यांना मिळाले. दोन्ही प्रकरणांत एक मूलभूत फरक आहे. मरे यांनी दिलेल्या प्रोपोफोल या भूल देणाऱ्या औषधाने मृत्यू झाला हे सिद्ध झाले आणि नोव्हेंबर २०११ मध्ये न्यायालयाने त्यांना दोषी ठरवले. तो ठपका निराधार नव्हता. तथापि त्याचा सामाजिक उपयोग तोच झाला. मृत्यू कोणामुळे झाला या प्रश्नाला उत्तर मिळाले आणि जीवनाविषयीचा अवघड प्रश्न त्या उत्तराखाली झाकला गेला.

५

येथवर मांडलेल्या तुलनेची मर्यादा सांगणे आवश्यक आहे. मंदोदरीला रावणाचा अपराध ठाऊक आहे. काव्यालाही ठाऊक आहे. जॅक्सन यांच्या बाबतीत असे ज्ञान कोणापाशीच नव्हते. न्यायालयाने निर्दोष ठरवले होते, आणि निर्दोष ठरवणे म्हणजे काहीच घडले नाही याची ग्वाही नव्हे, हेही सर्वांना कळत होते. जेथे सत्यच अनिश्चित आहे तेथे दोन सुरांचा विलाप करणे म्हणजे अप्रत्यक्षपणे अपराध गृहीत धरणे नव्हे काय, असा आक्षेप येऊ शकतो. तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

२०१९ मध्ये या आक्षेपाची कसोटी लागली. 'लीव्हिंग नेव्हरलँड' या माहितीपटात दोन पुरुषांनी बालपणी आपले शोषण झाल्याचे सांगितले. त्यांपैकी एकाने २००५ च्या खटल्यात जॅक्सन यांच्या बाजूने साक्ष दिली होती. जॅक्सन यांच्या वारसा-व्यवस्थापनाने हे आरोप फेटाळले. कॅनडा आणि न्यूझीलंडमधील काही नभोवाणी केंद्रांनी त्यांची गाणी वाजवणे थांबवले. चाहत्यांनी त्या दोघांना खोटारडे ठरवले. दहा वर्षांनंतरही प्रतिसादाची वाटणी तशीच होती : गाणी थांबवायची, नाहीतर साक्षीदारांना गप्प करायचे.

आक्षेपाचे उत्तर मंदोदरीच्या विलापाच्या रचनेत शोधता येते. ती निवाडा देत नाही. निवाडा रणांगणावर झालेला आहे. ती इतरांच्या अश्रूंना आपल्या शोकात जागा देते. निश्चित ज्ञान नसलेल्या ठिकाणीही इतके करता येते. एखाद्याने अपराध केला असे न म्हणताही, त्याच्याविषयी बोलणाऱ्या साक्षींना शोकाच्या मजकुरातून वगळायचे नाही, असे ठरवता येते. त्याचप्रमाणे त्या साक्षींचा मान राखताना, कोडाने ग्रासलेल्या माणसाची जगाने केलेली कुचेष्टा विसरण्याचे कारण नाही. आरोपितावरील अन्याय आणि आरोपिताकडून झालेला संभाव्य अन्याय यांतील एक खरा असल्याने दुसरा खोटा ठरत नाही.

तौलनिक साहित्याच्या अभ्यासकाला या विषयात काम आहे ते येथे. वृत्तपत्रीय मृत्युलेख, स्मृतिसभेतील भाषण, निषेधाचे पत्रक, चरित्र आणि चरित्रपट हे सारे आधुनिक शोकाचे वाङ्मयप्रकार आहेत. कोणता प्रकार कोणत्या वाचेला प्रवेश देतो आणि कोणाला दाराबाहेर ठेवतो, याची नोंद झाली पाहिजे. राजकुमार यांच्या मृत्यूनंतर बेंगळुरूच्या रस्त्यांवर जो क्षोभ उसळला त्यालाही, शोकसभेच्या रूढ भाषेत, प्रवेश नव्हता. संमिश्र प्रतिसादाला ढोंग म्हणून निकालात काढणारी समीक्षा हा तपास सुरू होण्यापूर्वीच बंद करते. गाणे ऐकताना मनात एकाच वेळी आनंद आणि अस्वस्थता असलेला श्रोता इंदिरानगरातही आहे, अंधेरीतही आहे. तो गोंधळलेला नाही. मंदोदरीला जे एका विलापात म्हणता आले ते म्हणण्यासाठी आज त्याच्यापाशी वाङ्मयप्रकार उरलेला नाही, इतकेच.