सचित्र आवृत्ती आणि कादंबरीची संहिता

मराठीत ‘सचित्र’ हे विशेषण पुस्तकाला ज्या सहजतेने लावले जाते, तिच्यात एक गृहीतक दडलेले आहे. संहिता आधीच पूर्ण आहे, चित्र तिच्या सोबतीला आले आहे आणि ते काढून घेतले तरी तिला उणेपणा येत नाही, असे हे गृहीतक होय. संस्कृत काव्यशास्त्रात अलंकारांना कडी-कुंडलांच्या ठिकाणी मानणाऱ्यांची भूमिका याहून फारशी वेगळी नव्हती. व्हिक्टोरियन कादंबऱ्यांच्या देखण्या सचित्र आवृत्त्या जमविणारा संग्राहक आणि त्याच कादंबऱ्या चित्रांवाचून शिकविणारा अध्यापक यांचे या एका मुद्द्यावर नकळत एकमत असते. एक दागिना जपतो, दुसरा तो उतरवून ठेवतो. प्रश्न असा की, ज्याला दागिना म्हटले जात आहे तो दागिनाच आहे काय?

डिकन्सची ‘पिक्विक पेपर्स’ ही कादंबरी एप्रिल १८३६ ते नोव्हेंबर १८३७ या काळात मासिक भागांतून, भागाला एक शिलिंग या दराने, प्रसिद्ध झाली. मूळ योजना रॉबर्ट सेमूर या चित्रकाराची. त्याच्या चित्रांना मजकूर पुरविण्यासाठी डिकन्सला बोलाविण्यात आले होते. सेमूरने एप्रिल १८३६ मध्ये आत्महत्या केली. आर. डब्ल्यू. बस याची दोन चित्रे तिसऱ्या भागात आली आणि पुढे वगळली गेली. नंतर ‘फिझ’ या नावाने हॅब्लो ब्राउन आला आणि लेखकाचे वर्चस्व कायम झाले. हा इतिहास परिचित आहे. त्यामानाने दुर्लक्षित राहिलेली गोष्ट अशी की, या भागांत चित्रे मजकुराच्या आधी बांधलेली असत. वाचक प्रथम चित्र पाही आणि मग त्याचा उलगडा करणारा मजकूर वाची. शेवटच्या जोडभागाबरोबर चित्रांची यादी मिळे. तिच्या आधारे पुस्तकबांधणी करणारा कारागीर प्रत्येक चित्र त्या त्या पृष्ठासमोर नेऊन बसवी. म्हणजे भागांत जे चित्र कुतूहल निर्माण करी, तेच ग्रंथात निवेदनाला दुजोरा देऊ लागे. चित्र तेच, मजकूरही तोच. वाचनक्रिया मात्र बदललेली.

चित्र संहितेचा घटक असते याचा सर्वांत निर्णायक पुरावा थॅकरेच्या ‘व्हॅनिटी फेअर’मध्ये आहे. जानेवारी १८४७ ते जुलै १८४८ या काळात पिवळ्या वेष्टनांतील भागांतून निघालेल्या या कादंबरीची चित्रे थॅकरेने स्वतः काढली. त्यामुळे चित्रकाराने लेखकाचा आशय चुकीचा समजून घेतला, ही सोयीची पळवाट येथे बंद होते. चौसष्टाव्या प्रकरणाच्या आद्याक्षरात बेकी नेपोलियनच्या वेशात उभी आहे. निवेदक जे आडवळणाने सुचवितो ते ही आद्याक्षरे अनेकदा उघड करतात. सदुसष्टाव्या प्रकरणात तर प्रकरण याहून पुढे जाते. आजारी, भेदरलेला जॉस सेडली डॉबिनची विनवणी करतो, की बेकी एका मेजवानीला जाणार आहे, तेव्हा आपण एकांतात भेटू. मजकुराप्रमाणे बेकी तेथे नाही. चित्रात ती पडद्याआड उभी आहे आणि चित्राचे शीर्षक ती क्लायटेम्नेस्ट्राच्या भूमिकेत दुसऱ्यांदा आल्याचे सांगते. पहिल्यांदा ती या भूमिकेत एक्कावन्नाव्या प्रकरणात, गाँट हाउसमधील करमणुकीच्या प्रसंगी आली होती. त्यानंतर जॉस मरतो, विम्याच्या पैशांची चर्चा होते आणि निवेदक खुनाचा आरोप कोठेही करीत नाही.

येथे वाच्यार्थ निर्दोष ठेवला आहे. व्यंजनेचा भार चित्र उचलते आणि तेही वाच्यार्थाला उघड छेद देऊन. चित्र गाळलेली आवृत्ती वाचणाऱ्याच्या हाती बेकीविषयी एक संशय उरतो. चित्रासह वाचणाऱ्याला निवेदकाविषयीही संशय येतो. बेकी खुनी आहे की नाही यावर वाद घालणारे विद्यार्थी पुष्कळदा वस्तुतः दोन निराळ्या संहिता वाचत असतात आणि हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. क्यू. डी. लीव्हिस आणि जॉन हार्वी यांनी १९७० मध्येच चित्रांच्या कार्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधले होते. स्वस्त पाठ्य आवृत्त्यांपर्यंत ती जाणीव फारशी झिरपलेली नाही.

मग देखण्या आवृत्त्यांचे काय? १८९१ साली मॅकमिलनने ह्यू थॉमसनच्या चित्रांसह काढलेली ‘क्रॅनफर्ड’ हे त्या परंपरेचे उत्तम उदाहरण. हिरव्या कापडावर सोनेरी नक्षी आणि आत नाजूक रेषेतील टोप्या, झालरी, चहाची भांडी. गॅस्केलबाईंचे हे लेखन १८५१ ते १८५३ या काळात ‘हाउसहोल्ड वर्ड्स’मध्ये चित्रांविना आले होते. त्यात बँक बुडते आणि मॅटीबाईंवर चहा विकण्याची पाळी येते. थॉमसनची रेषा त्या गावाला सुबक गतकाळ करून टाकते. ही चित्रे वाईट नाहीत. किंबहुना ती फार गोड आहेत आणि अडचण नेमकी तीच आहे. ‘सचित्र’चा दागिन्यासारखा अर्थ येथे पूर्णपणे लागू पडतो आणि याच जातीचे ग्रंथ काचेच्या कपाटात सर्वाधिक शोभतात.

साठच्या दशकातील (अर्थात १८६० च्या, मराठी ‘साठोत्तरी’शी त्याचा संबंध नाही) लाकडी ठशांच्या चित्रांची गत आणखी वेगळी झाली. मिलेने ट्रॉलपच्या ‘ऑर्ली फार्म’साठी चाळीस चित्रे काढली. अशा चित्रांचे मोल ग्लीसन व्हाइटने १८९७ मध्ये आणि फॉरेस्ट रीडने १९२८ मध्ये ग्रंथ लिहून प्रस्थापित केले. मात्र या गुणग्रहणाबरोबर जुन्या मासिकांतून चित्रे कापून जाड कागदावर चिकटविण्याची रीतही रूढ झाली. कादंबरीतून सुटलेले चित्र कलावस्तू झाले, तरी ज्या वाक्याशी त्याचे भांडण होते ते वाक्य मागेच राहिले.

याउलट ज्या संग्राहकांची विद्वानांनी थट्टा केली, त्यांचे ऋण अधिक आहे. वेष्टन फाटलेले आहे काय, जाहिरातींची पाने पूर्ण आहेत काय, बसची दोन चित्रे आहेत काय, ‘व्हॅनिटी फेअर’च्या पहिल्या छपाईतील, पुढे काढून टाकलेले लॉर्ड स्टेनचे चित्र पृष्ठ ३३६ वर आहे काय, अशा बाबींचा काथ्याकूट ते भावासाठी करीत. परंतु या किरकोळ वाटणाऱ्या चौकशांतूनच हॅटन आणि क्लीव्हर यांची १९३३ ची डिकन्स-सूची उभी राहिली. झिजलेल्या पाटीऐवजी फिझने पुन्हा कोरलेल्या पाटीत कोणता तपशील बदलला, हे तिच्यामुळे कळते. हेतू दुर्मिळतेचा होता. हाती आले ते पाठचिकित्सेचे साधन.

तरीही संग्रहाची ओढ कोठवर जाते हे १९३७-३८ च्या नन्सच प्रेसच्या डिकन्स-संचात दिसते. चॅपमन अँड हॉल यांच्याकडे मूळ चित्रांच्या पोलादी पाट्या आणि लाकडी ठसे मिळून ८७७ नग होते. म्हणून संचही ८७७ च काढले आणि प्रत्येक संचाबरोबर एकेक मूळ पाटी किंवा ठसा ग्राहकाला दिला. ‘ब्लीक हाउस’ची चित्रे पाहिली म्हणजे यातील हानी ध्यानात येते. चाळीसपैकी दहा चित्रांत फिझने यंत्राने आखलेल्या रेषांनी पाटी काळी केली. त्यांतील काहींत माणूस दिसतच नाही, केवळ ओसाड वस्ती किंवा थडगे उरते. एकामागून एक पाहिल्यावरच त्या अंधाराचा अर्थ लागतो. नन्सचच्या ग्राहकाला मात्र मूळ म्हणून हाती आली ती डब्यातील एकच पाटी; तिच्या आधीची आणि नंतरची पाटी दुसऱ्या कोणाच्या तरी घरी होती.