‘पहिली स्त्री’ : एका वाङ्मयप्रकाराची परीक्षा

बांधकामाच्या धंद्यांत नांव मिळविलेल्या स्त्रियांविषयीं अलीकडे जें लिहिलें जातें, त्याचा एक ठराविक सांचा बनला आहे. आरंभीं ‘पहिली’ हें विशेषण, मध्यें घरच्यांच्या व समाजाच्या विरोधाचें वर्णन, आणि शेवटीं जिद्दीचा जयजयकार. लेखकांचा हेतु चांगला असतो, याविषयीं आम्हांस शंका नाहीं. परंतु गौरवाचें वाङ्मय झालें तरी तें वाङ्मयच. आणि तें काय सांगतें याबरोबरच काय गाळतें, हें पाहणें टीकाकारास प्राप्त आहे.

पहिला दोष सत्याचा. शकुंतला भगत या १९५३ सालीं मुंबईच्या व्ही. जे. टी. आय. मधून स्थापत्यशाखेच्या पदवीधर झाल्या, आणि त्यांस भारतांतील पहिली स्त्री स्थापत्य-इंजिनियर म्हणण्याचा प्रघात पडला आहे. पण मद्रासच्या गिंडी महाविद्यालयांतून पी. के. थ्रेसिया व लीलम्मा जॉर्ज या दोघी १९४४ च्या सुमारास याच शाखेची पदवी घेऊन बाहेर पडल्या होत्या. यामुळें भगतबाईंची योग्यता तिळभरही कमी होत नाहीं. कमी होते ती आपली, वाचकांची, समज. ‘पहिली’ हा शर्यतींतला शब्द आहे; एकीस तो बहाल केला कीं इतर सर्वजणी नजरेआड होतात.

दुसरा दोष याहून मोठा. या लेखांत बाई दिसते, पण तिचें काम दिसत नाहीं. शकुंतलाबाई व त्यांचे पति अनिरुद्ध भगत यांनीं १९७० सालीं ‘क्वाड्रिकॉन’ ही संस्था काढली. थोड्या ठराविक पोलादी भागांची निरनिराळी जुळणी करून निरनिराळ्या लांबीरुंदीचे पूल उभारावे, ही तिच्यामागची कल्पना. हिमालयांत रस्ते अरुंद, अवजड यंत्रें नेणें कठीण, आणि बर्फामुळें कामाचे महिने मोजके. अशा ठिकाणीं कारखान्यांत तयार केलेले सुटे भाग नेऊन जोडण्याचें महत्त्व केवढें असेल, हें सांगावयास नकोच. १९७२ सालीं हिमाचलांतील स्पिति येथें या पद्धतीचा पूल उभा राहिला. ही कल्पना वाचकास समजावून देणारा लेख आमच्या पाहण्यांत क्वचितच येतो. पुलांची संख्या मात्र प्रत्येकजण सांगतो. शिवाय शकुंतलाबाईंचे वडील एस. बी. जोशी हे स्वतः नामांकित पूलबांधणी-तज्ज्ञ होते. घरच्या विरोधाचा सांचा येथें बसतच नाहीं. ज्या घरांत पुलांची चर्चा जेवणाच्या पानावर होत असेल, त्या घरच्या मुलीस या विद्येचें दार मुळांतच उघडें होतें. मग जिच्या घरीं असे वडील नाहींत, तिला तें कोणीं उघडावें, हा खरा प्रश्न. आणि जिद्दीच्या जयजयकारांत तोच बुडून जातो.

थ्रेसियाबाईंचें चरित्र या दृष्टीनें अधिक बोधप्रद आहे. सरकारी बांधकाम खात्यांत पायरी पायरीनें चढत त्या १९७१ सालीं केरळच्या मुख्य इंजिनियर झाल्या. तेथें गुण होतेच; पण गुणांबरोबर लिहिलेले नियम, ठरलेल्या पायऱ्या व सेवाज्येष्ठता यांची शिडीही होती. जेथें बढती मालकाच्या मर्जीवर व ओळखीपाळखीवर अवलंबून असते, तेथें तेवढेच गुण कितपत पुरे पडतील, याचा विचार चरित्रकारानें करावयास हवा होता.

या वाङ्मयावरील उत्तम टीका मात्र एका इंजिनियर स्त्रीनेंच केली आहे. २०२५ च्या जूनमध्यें चिनाब नदीवरील, पात्रापासून ३५९ मीटर उंचीच्या रेल्वे-पुलाचें उद्घाटन झालें. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील प्राध्यापिका जी. माधवी लता यांनीं त्याच्या पायाच्या व डोंगर-उतारांच्या स्थैर्याच्या कामांत दीर्घकाळ सल्ला दिला होता. वर्तमानपत्रांनीं त्यांस लगेच ‘पुलामागची स्त्री’ करून टाकलें. तेव्हां त्यांनीं जाहीर निवेदन काढून, असे मथळे निराधार आहेत, आपण हजारोंपैकीं एक आहों, असें स्पष्ट सांगितलें, आणि आपलें नेमकें काम काय होतें तेंही नोंदविलें. या चार ओळींत जो वाङ्मयीन विवेक आहे, तो गौरवलेखांच्या ढिगांत सांपडणार नाहीं.

आणि त्या हजारोंत स्त्रिया कोठें आहेत? बहुतेक घमेल्याखालीं. कोणत्याही इमारतीच्या कामावर पाहावें. गांवाहून जोडीनें आलेल्या नवराबायकोंपैकीं नवरा चारदोन वर्षांत मिस्त्रीच्या हाताखालीं थापी व ओळंबा शिकून गवंडी होतो. बायको बिगारी म्हणून येते आणि बिगारी म्हणूनच म्हातारी होते. ‘गवंडीण’ म्हटलें कीं गवंड्याची बायको हाच अर्थ आपल्या मनांत आधीं येतो, यांतच सर्व आलें. झारखंडांत शौचकूपें बांधणाऱ्या स्त्रियांसाठीं ‘रानी मिस्त्री’ हा शब्द नवा घडवावा लागला. अहमदाबादच्या ‘सेवा’ संस्थेनें स्त्रियांस गवंडीकाम शिकविलें. ‘मोबाइल क्रेश’ संस्थेनें १९६९ पासून दिल्लीस कामाच्या जागींच पाळणाघरें चालविलीं. १९९६ च्या कायद्यानें पन्नासांहून अधिक स्त्रिया असलेल्या कामावर पाळणाघर सक्तीचें केलें. यांतील प्रत्येक गोष्ट म्हणजे शिडीची एकेक पायरी होय. परंतु पायरीचें चरित्र कोण लिहितो?

मुलींपुढें आदर्श नको काय, असें आम्हांस विचारलें जाईल. हवाच. पण ज्या मुलीस वर चढावयाचें आहे, तिला शिखरावरील मूर्तीच्या वर्णनापेक्षां वाटेच्या माहितीचा उपयोग अधिक. ती काय शिकली, कोणीं शिकविलें, कामावर असतां तिचें मूल कोणीं सांभाळलें, बढती कोणत्या नियमानें मिळाली, आणि तिच्या मागून दुसरी आली कीं नाहीं, इतक्या प्रश्नांचीं उत्तरें जो लेख देईल, त्यांत ‘पहिली’ हा शब्द नसला तरी आम्हांस चालेल. ज्या दिवशीं पांचशेव्या स्त्री-गवंड्याविषयीं कोणास लेख लिहावासा वाटेल, त्या दिवशीं हा वाङ्मयप्रकार वयांत आला असें आम्ही समजूं.