कादंबरी हा पुरावा असतो का? कॅव्हलिअर, क्ले आणि 'रणांगण'

शिरूर-दौंड भागातून पेटची तयारी करणाऱ्या, विशेषतः मराठी, इंग्रजी आणि इतिहास घेतलेल्या मुलामुलींचा एक प्रश्न हमखास असतो: "ऐतिहासिक कादंबरीवर विषय घेतला तर चालेल का? आणि त्या कादंबरीतली माहिती खरी धरायची का?" पहिल्याचं उत्तर सोपं आहे, चालेल. दुसऱ्यासाठी आज दोन कादंबऱ्या शेजारी ठेवून बघू.

पहिली मायकेल शेबॉन यांची 'द अमेझिंग अॅडव्हेंचर्स ऑफ कॅव्हलिअर अँड क्ले'. प्रकाशन २०००, पुलित्झर २००१. प्रागमधला ज्यू तरुण जो कॅव्हलिअर १९३९ मध्ये एका शवपेटीत लपून निसटतो आणि न्यूयॉर्कला आपल्या भावाकडे, सॅमीकडे पोचतो. दोघं मिळून 'एस्केपिस्ट' नावाचा कॉमिक्सचा नायक उभा करतात. पहिल्याच मुखपृष्ठावर हा नायक हिटलरला ठोसा मारतो. जोची सगळी कमाई मात्र एकाच आशेवर चालते: घरचे लोक, निदान धाकटा भाऊ थॉमस, तिकडून सुटावा.

आता यातलं खरं किती? जेरी सीगल आणि जो शुस्टर या ज्यू पोरांनी १९३८ मध्ये सुपरमॅनचे हक्क १३० डॉलरला विकून टाकले, हे खरं. जो सायमन आणि जॅक कर्बी यांच्या कॅप्टन अमेरिकाने मार्च १९४१ च्या अंकाच्या मुखपृष्ठावर हिटलरला ठोसा मारला, हेही खरं. अमेरिका युद्धात उतरली त्याच वर्षीच्या डिसेंबरात, म्हणजे ठोसा आधी आणि युद्ध नंतर. चित्रकार साल्वादोर दाली पाणबुड्याच्या पोशाखात गुदमरला, हे पण खरं. पण ते घडलं १९३६ मध्ये लंडनला. शेबॉन ती घटना उचलून न्यूयॉर्कच्या पार्टीत नेतात आणि दालीला जोच्या हातून वाचवतात. वर तळटीपा देतात, त्यातल्या काही खऱ्या, काही साफ बनावट. तळटीप दिसली की आपण मान डोलावतो, ही आपली सवय लेखकाला पक्की ठाऊक आहे. संशोधन करणाऱ्याने हा धडा तिथेच घ्यावा: तळटीप म्हणजे पुरावा नव्हे, पुराव्याकडे जायचा रस्ता. त्या रस्त्याने स्वतः चालून बघावं लागतं.

दुसरी कादंबरी आपली, विश्राम बेडेकरांची 'रणांगण', १९३९ ची. युरोपातून हिंदुस्थानात परतणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून हाकललेले ज्यू, त्यांच्यातली हर्टा आणि तिच्या प्रेमात पडणारा चक्रधर विध्वंस. मुंबईला दोघांची ताटातूट होते. चक्रधर उतरतो, हर्टा बोटीवरच राहते.

इथे नीट लक्ष द्या. विषय जवळपास एकच, पण 'रणांगण' ऐतिहासिक कादंबरी नाही. ती तेव्हाच्या वर्तमानावर लिहिलेली आहे. शेबॉनना १९४५ नंतर उघड झालेलं सगळं माहीत आहे. बेडेकरांना १९३९ मध्ये गॅस चेंबर माहीत असणं शक्यच नव्हतं. म्हणून 'होलोकॉस्टवरची मराठी कादंबरी' असं शीर्षक प्रबंधाला देऊ नका, मार्गदर्शक पहिल्याच बैठकीत फुली मारतील. बेडेकरांच्या पानांत आहे ती छळवणुकीची आणि बेघर होण्याची खबर. शेवट काय होणार हे लेखकालाच माहीत नसताना लिहिलेली, आणि म्हणूनच मोलाची.

माझ्या मते एका बाबतीत 'रणांगण' वरचढ आहे. शेबॉन थॉमसच्या बोटीला जलसमाधी देतात. प्रसंग चटका लावतो, पण त्यामुळे दोष पाणबुडीवर जातो. प्रत्यक्षात असंख्य लोक अडकले ते कागदांवर. १९३९ मध्येच 'सेंट लुई' बोटीवरच्या नऊशेहून जास्त ज्यूंपैकी बहुतेकांना क्युबाने उतरू दिलं नाही, अमेरिकेनेही दार उघडलं नाही, आणि बोट युरोपला परत गेली. कोणी गोळी झाडली नाही, फक्त परवानगी दिली नाही. शेबॉनही व्हिसाची दगदग दाखवतात, पण घाव घालायची वेळ आली की त्यांना स्फोट लागतो. बेडेकरांना धक्क्यावर उतरणारा एक आणि न उतरणारी एक एवढंच पुरतं.

मग शेबॉनची ताकद कशात? 'पलायन' या शब्दाला ते मान मिळवून देतात. करमणूक म्हणजे पळवाट, असं आपण सहज म्हणून टाकतो. जोचं म्हणणं साधं आहे: कोंडलेल्या माणसाला सुटकेची गोष्ट लागतेच. आणि त्याच वेळी कागदावरच्या ठोशाने थॉमस सुटत नाही, हेही कादंबरी लपवत नाही.

आणखी एक धागा नावांचा. सॅमी क्लेमन 'क्ले' होतो. जेकब कुर्ट्झबर्ग 'जॅक कर्बी' झाला. मुंबईत रुडॉल्फ फॉन लेडन होते, बर्लिनचे, भूशास्त्रातले डॉक्टरेट, आईचं घराणं मुळात ज्यू. १९३३ मध्ये मुंबईला आले, कलासमीक्षक झाले आणि 'डेनली' या नावाने राजकीय व्यंगचित्रं काढू लागले. रोमन लिपीत लेडन आणि डेनली यांची अक्षरं तीच, फक्त जागा बदललेल्या. आणि बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई? 'कळ्यांचे निःश्वास' (१९३३) त्यांनी लिहिलं ते 'विभावरी शिरूरकर' या नावाआड. स्त्रीने स्त्रीच्या मनातलं लिहिलं म्हणून केवढा गदारोळ झाला! कारणं वेगवेगळी आहेत, ती एका पिशवीत कोंबू नका. पण 'टोपणनाव कोणाला कशापासून वाचवतं?' हा तुलनेचा उत्तम प्रश्न आहे.

आता आपल्या दाराशी या. सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध जाहीर झालं तेव्हा ब्रिटिश सरकारने हिंदुस्थानातले जर्मन 'शत्रू परकीय' म्हणून धरले आणि नगरच्या छावणीत ठेवले. नात्झी समर्थक आणि नात्झींपासून पळून आलेले ज्यू एकाच तारेच्या आत. पुढे चौकशी समिती नेमून बऱ्याच निर्वासितांना सोडलं. काहींना पुरंदरला नजरेखाली राहावं लागलं. म्हणजे हर्टा मुंबईला उतरली असती, तरी सुटली असती असं नाही. नगर आपल्याला परकं नाही: शिरूरवरून जाणारा पुणे-नगर रस्ता तिकडेच जातो, दौंडहून मनमाडला जाणारी गाडी नगरवरूनच जाते. इतका जवळचा विषय कोणी हाती घेतला तर आनंदच आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं 'अभिलेख पटल' घरबसल्या चाळता येतं, मुंबईला राज्याचं पुराभिलेखागार आहे. सुरुवात गृहखात्याच्या फायलींपासून करा.

तर मूळ प्रश्न. कादंबरी घटनेचा पुरावा नसते. लिहिणाऱ्याच्या काळात काय कळत होतं, काय बोलता येत होतं आणि काय गिळावं लागत होतं, याचा ती पुरावा असते. म्हणून कुठलीही कादंबरी हातात घेतली की वहीत तीन ओळी आधी लिहा: गोष्ट कधीची, पुस्तक कधीचं, आणि मधल्या काळात जगाला काय नव्याने कळलं. शेबॉनसाठी तिसरी ओळ लांबलचक होईल. 'रणांगण'साठी ती कोरी राहील. ती कोरी ओळ समोर ठेवून बेडेकर पुन्हा वाचा.