संख्यात्मक जोखीम विश्लेषणाचे प्रगत प्रशिक्षण: एक चिकित्सा

रासायनिक कारखाने आणि तेलसाठे यांच्या जोखमीचा अभ्यास करताना आपला परिचय 'फास्ट' आणि 'सेफ्टी' या सॉफ्टवेअरशी होतो. पहिले गळतीचे परिणाम काढते. दुसरे त्या परिणामांना वारंवारतेची जोड देऊन जोखीम काढते. प्रगत प्रशिक्षणात गळती, वायूचा प्रसार, आग, स्फोट आणि शेवटी नकाशावरील जोखमीच्या समरेषा असा क्रम असतो. हा क्रम योग्यच आहे. आक्षेप आहे तो भराबद्दल: सॉफ्टवेअर चालवायला शिकवले जाते, त्यात भरलेल्या आकड्याला प्रश्न विचारायला पुरेसे शिकवले जात नाही.

एक उदाहरण पाहू. दाबाखालील टाकी एकाएकी फुटण्याची वारंवारता वर्षाला ५ × १०⁻⁷ घेतली. वारा वस्तीकडे असण्याची संभाव्यता ०.२ आणि तेथील व्यक्तीच्या मृत्यूची संभाव्यता ०.५ मानली, तर गुणाकार ५ × १०⁻⁸ येतो. गुणाकार सोपा आहे. पण पहिला आकडा आला कोठून? तो नेदरलँड्समधील १९९९ च्या 'पर्पल बुक' या मार्गदर्शिकेतला आहे. गंज, कंपनामुळे येणारा थकवा, चालकाच्या चुका आणि बाहेरचे आघात वगळले आहेत, असे धरून तो दिलेला आहे. ज्या टाकीची तपासणी वर्षानुवर्षे झालेली नाही, तिला हा आकडा लावता येईल का? सॉफ्टवेअर हा प्रश्न विचारत नाही. तो तुम्हीच विचारायचा आहे.

आता गळती थांबवण्याच्या वेळेकडे वळू. हाताने झडप बंद करायला ३० मिनिटे लागतात, असे हीच मार्गदर्शिका धरते. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरच्या सीतापुरा येथील तेलसाठ्यात पेट्रोलची गळती स्फोट होईपर्यंत सुमारे सव्वा तास चालू होती. ११ जणांचा मृत्यू झाला. गळतीचा दर स्थिर मानला, तरी ३० ऐवजी ७५ मिनिटांत अडीच पट इंधन बाहेर पडते. झडपेपर्यंत माणूस पोहोचू शकेल, हे गृहीतकच तेथे कोसळले.

गृहीतके माणसागणिक बदलतात, हेही लक्षात घ्या. युरोपातील 'अ‍ॅशुरन्स' प्रकल्पात सात गटांनी एकाच अमोनिया प्रकल्पाचे विश्लेषण केले. सगळे गट अनुभवी होते, तरी त्यांच्या उत्तरांत मोठी तफावत आली. म्हणून नकाशावरची रेषा ठळक दिसली, तरी ती तितकी पक्की नसते. या रेषेच्या आधारे वस्तीला परवानगी दिली किंवा नाकारली जाते, हे विसरू नका.

मग चांगले प्रशिक्षण कसे ओळखावे? तीन कसोट्या लावा. प्रत्येक आकड्याचा उगम लिहून ठेवायला लावतात का? एकेक गृहीतक बदलून समरेषा किती सरकते, हे करून दाखवतात का? घडलेल्या अपघातावर प्रतिमान ताडून पाहतात का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल, तर प्रमाणपत्र मिळेल, पण जोखीम कळणार नाही.

स्वाध्याय: वरील उदाहरणात टाकी फुटण्याची वारंवारता दहापट धरा आणि व्यक्तिगत जोखीम पुन्हा काढा. हा बदल कोणत्या परिस्थितीत योग्य ठरेल, याची दोन कारणे लिहा.