एक्लिप्स आणि बाकीचे : एका अश्ववंशकथेची चिकित्सा

अठराव्या शतकातील इंग्लंडमध्ये होऊन गेलेल्या एक्लिप्स या घोड्याविषयी विपुल लेखन झाले आहे. हा घोडा शर्यतीत कधी हरला नाही आणि आजच्या शर्यती घोड्यांचा तोच मूळपुरुष होय, ही त्या लेखनातील दोन मुख्य विधाने. दोन्ही विधाने स्थूलमानाने खरी आहेत. तथापि खऱ्या विधानांतूनही चुकीचे अनुमान निघू शकते. वंशवृक्षाच्या कल्पनेशी भाषाशास्त्राचा नित्य संबंध येत असल्यामुळे या कथेची चिकित्सा भाषेच्या अभ्यासकांसही उपयुक्त ठरेल, असे वाटते.

प्रथम ज्ञात वृत्तान्त पाहू. कंबरलंडचा ड्यूक विल्यम याच्या अश्वशाळेत १ एप्रिल १७६४ रोजी, सूर्यग्रहणाच्या दिवशी, हे शिंगरू जन्मले. त्यावरूनच त्याचे नाव पडले. बाप मार्स्क, आई स्पिलेटा. रंग तांबूस, तोंडावर पांढरा पट्टा आणि मागचा एक पाय पांढरा. १७६५ साली ड्यूक वारला. त्याच्या घोड्यांच्या विक्रीत विल्यम वाइल्डमन या मांसाच्या व्यापाऱ्याने हे शिंगरू ७५ गिनींस घेतले. ३ मे १७६९ रोजी एप्सम येथे, पाच वर्षांचा असताना, एक्लिप्स प्रथम शर्यतीत उतरला. पुढे डेनिस ओकेली या आयरिश गृहस्थाने प्रथम ६५० गिनींस त्याचा अर्धा हिस्सा व नंतर ११०० गिनींस उरलेला अर्धा विकत घेतला. १७७० च्या ऑक्टोबरात त्याची शर्यती कारकीर्द संपली. अवघ्या दीड वर्षात त्याने अठरा शर्यती जिंकल्या. त्यांपैकी अकरा 'किंग्ज प्लेट' या प्रतिष्ठेच्या शर्यती होत्या.

एप्समच्या त्या पहिल्या दिवशीच ओकेलीचे प्रसिद्ध भाकीत उच्चारले गेले, असे सांगतात. शर्यत चार मैलांच्या फेऱ्यांची होती. पहिली फेरी एक्लिप्सने जिंकल्यावर, दुसऱ्या फेरीत घोडे कोणत्या क्रमाने येतील हे आपण सांगतो, अशी पैज ओकेलीने लावली. आणि क्रम सांगताना म्हणाला, 'एक्लिप्स पहिला, बाकीचे कोठेच नाहीत.' मराठीत हे वाक्य निव्वळ फुशारकीचे वाटते. मुळात तसे नाही. त्या काळच्या नियमांनुसार विजयस्तंभाच्या अलीकडे २४० यार्डांवर दुसरा एक खांब असे. पहिला घोडा विजयस्तंभ ओलांडीत असताना जे घोडे या खांबापर्यंत पोहोचलेले नसत, त्यांना क्रमांकच मिळत नसे. अशा घोड्यांचा निर्देश 'कोठेच नाही' या अर्थाच्या शब्दाने होई. म्हणजे ओकेलीच्या वाक्यात एक पारिभाषिक संज्ञा आहे. बाकीचे घोडे धावले, त्यांनी अंतरही काटले. फक्त नोंदीच्या नियमाने ते गणनेबाहेर राहिले. पुढे हे वाक्य म्हणीसारखे रूढ झाले आणि त्यातील पारिभाषिक अर्थ विसरला गेला. 'नोंदीत नाही' आणि 'अस्तित्वातच नाही' या दोन अर्थांतील हे अंतर ध्यानात ठेवावयास हवे; पुढील विवेचनाचा तोच आधार आहे.

आता अपराजित या विशेषणाचे मोल पाहू. अठरा विजयांपैकी कित्येक विजयांत प्रतिस्पर्धी उतरलाच नव्हता. एक्लिप्सने एकट्याने मैदान चालून बक्षीस घेतले. यामुळे त्याचे श्रेष्ठत्व कमी होत नाही. समोर कोणी येईना, हेही श्रेष्ठत्वाचे एक प्रमाणच आहे. एप्रिल १७७० मध्ये न्यूमार्केट येथे ब्यूसेफॅलस या नामांकित घोड्यास त्याने हरविले, ती खरी कसोटी होती. परंतु अठरा हा आकडा अठरा झुंजींचा निदर्शक नाही, एवढे चरित्रकारांनी स्पष्ट करावयास हवे होते. पुष्कळांनी ते केलेले नाही.

प्रजोत्पत्तीच्या बाबतीत घोटाळा अधिक आहे. १७७१ पासून एक्लिप्स एप्समजवळील क्ले हिल येथे पैदाशीसाठी ठेवण्यात आला. त्याची संतती उत्तम निपजली. १७८० साली सुरू झालेल्या डर्बीच्या पहिल्या पाच विजेत्यांपैकी तीन त्याचे पुत्र होते : १७८१ चा यंग एक्लिप्स, १७८३ चा सॉल्ट्रम व १७८४ चा सार्जंट. असे असूनही ज्याच्या संततीने वर्षात सर्वाधिक कमाई केली त्या वळू घोड्यास मिळणारा अग्रक्रम एक्लिप्सला एकदाही लाभला नाही. १७७७ ते १७८४ अशी आठ वर्षे तो हेरॉड या घोड्याकडे होता. नंतर तो हेरॉडचा पुत्र हायफ्लायर याच्याकडे गेला आणि तेरा वेळा त्याच्याकडे राहिला. विशेष म्हणजे हेरॉडही त्याच कंबरलंडच्या ड्यूकच्या अश्वशाळेतला. समकालीनांच्या हिशेबात जो दुसरा होता, तो उत्तरकालीनांच्या हिशेबात एकमेव पहिला ठरला. हे कसे घडले?

याचे उत्तर वंशावळ लिहिण्याच्या पद्धतीत आहे. आजचे बहुसंख्य शर्यती घोडे बापाकडून बापाकडे मागे मोजीत गेल्यास एक्लिप्सपाशी आणि त्याच्या मागे, १७०४ साली अलेप्पोहून इंग्लंडात आणलेल्या डार्ली अरेबियनपाशी पोहोचतात. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका जनुकीय अभ्यासाने हे प्रमाण सुमारे ९५ टक्के ठरविले. पण येथे मोजले जाते ते फक्त बापाकडून मुलाकडे जाणारे गुणसूत्र. दहा पिढ्या मागे गेल्यास वंशावळीत पूर्वजांची १०२४ स्थाने येतात. शुद्ध पितृरेषेवर त्यांपैकी एकच स्थान असते. उरलेली १०२३ स्थाने ओकेलीच्या अर्थाने 'कोठेच नाहीत'.

ही स्थाने रिकामी नव्हती. एक्लिप्सची पितृरेषा मुख्यत्वे दोन पुत्रांतून टिकली : पॉटएटोज आणि किंग फर्गस. पैकी पहिल्याच्या नावाची कथा लिपीच्या अभ्यासकांस मनोरंजक वाटेल. तबेल्यातील मुलास बटाट्याचा इंग्रजी शब्द लिहावयास सांगितला असता त्याने 'पॉट' लिहून पुढे 'ओ' हे अक्षर आठ वेळा काढले, आणि तेच नाव कायम झाले, असे म्हणतात. या पॉटएटोजचा पुत्र वॅक्सी १७९३ ची डर्बी जिंकला आणि त्याच्यापासून मोठी शाखा विस्तारली. वॅक्सीची आई मरिया ही हेरॉडची मुलगी. वॅक्सीचा पुत्र व्हेलबोन, १८१० चा डर्बी विजेता. त्याच्या आईची आई प्रुनेला ही हायफ्लायरची मुलगी. दुसरीकडे किंग फर्गसची शाखा हॅम्बल्टोनियन या पुत्रामार्फत पुढे गेली. त्याची आईही हायफ्लायरचीच मुलगी. म्हणजे एक्लिप्सच्या दोन्ही शाखा टिकल्या त्या हेरॉडच्या लेकी-नातींच्या पोटी. इतकेच नव्हे, खुद्द एक्लिप्सची आई स्पिलेटा ही गोडॉल्फिन अरेबियनची नात होती. जे घराणे 'एक्लिप्सचे' म्हणून ओळखले जाते, ते इतर घराण्यांशी झालेल्या संकराचे फळ आहे.

आणखी एक प्रमाण लक्षणीय आहे. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, आखूड पल्ल्याच्या वेगाशी निगडित असलेले मायोस्टॅटिन जनुकाचे रूप या जातीत एकदाच शिरले. तेही बहुधा ब्रिटनमधील एखाद्या स्थानिक घोडीकडून. आजच्या शर्यतींत ज्या गुणाला एवढे महत्त्व आहे, त्याचा उगम अशा रीतीने एका निनावी घोडीपाशी जातो. वंशावळीत तिचे नाव नाही.

फेब्रुवारी १७८९ मध्ये एक्लिप्स वारला. सँबेल या फ्रेंच पशुवैद्याने त्याचे शवविच्छेदन करून शरीराची मापे घेतली व ती १७९१ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केली. त्याच वर्षी लंडनमध्ये पशुवैद्यकाचे विद्यालय स्थापन झाले व सँबेल त्याचा पहिला अध्यापक झाला. एक्लिप्सविषयक सर्व लेखनात हा ग्रंथ मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. कारण घोडा अजिंक्य का होता, या प्रश्नाचे उत्तर तो पूर्वजांच्या नावांत न शोधता समोरच्या देहात शोधतो.

भाषाशास्त्राच्या दृष्टीने या कथेचे महत्त्व उघड आहे. श्लायखरने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास भाषांचा वंशवृक्ष मांडला. १८७२ साली योहानेस श्मिट याने त्याला लाटांच्या उपमेने उत्तर दिले. महाराष्ट्री प्राकृत, अपभ्रंश, मराठी ही मालिका आपण पाठ म्हणतो, ती अशीच एक रेषा आहे. व्याकरणाचा सांगाडा कोठून आला, हे ती बऱ्याच अंशी सांगते. पण घोड्यापुरतेच बोलावयाचे तर 'लगाम', 'खोगीर', 'रिकीब' हे शब्द त्या रेषेवर नाहीत. ते फारसीच्या वाटेने आले. 'आम्ही' आणि 'आपण' यांतील सूक्ष्म भेद समजावून घ्यावयाचा तर शेजारच्या द्राविड भाषांकडे पाहावे लागते. 'जातिवंत' हे विशेषण आपण घोड्याला लावतो तसेच शब्दालाही लावतो, आणि दोन्हीकडे एकच चूक करतो : रेषा शुद्ध दाखविता आली की घडणही शुद्ध, असे मानतो.

एका रेषेचा शोध घेणे गैर नाही. त्यावाचून इतिहासाला सुरुवातच होत नाही. मात्र ती रेषा म्हणजे आपण निवडलेला नोंदीचा नियम होय, हे विसरता कामा नये. एक्लिप्स पहिला होता यात शंका नाही. परंतु मरिया आणि प्रुनेला वाचून त्याचे नाव आज कोणाच्या वंशावळीच्या अग्रभागी आले असते, हा प्रश्न त्याच्या चरित्रकारांनी विचारावयास हवा. आणि मराठीची पूर्वपीठिका लिहिणाऱ्यांनी आपल्या विषयापुरता तोच प्रश्न स्वतःस विचारावा.