नॉर्मल रिपोर्टचा अर्थ

गेल्या वर्षी आमच्या धसईत एका घरी मेंदूच्या एमआरआयचा रिपोर्ट वाचून दाखवायला मला बोलावलं. मी डॉक्टर नाही. वाचनाच्या नादात जे जमलं तेवढंच माझं शिक्षण. पण इंग्रजी कागद समजावून सांगतो म्हणून लोक बोलावतात. त्या घरातला बावीस वर्षांचा मुलगा सहा महिने नीट झोपत नव्हता, एकटाच बोलायचा, आईने वाढलेलं ताट संशयाने सरकवून द्यायचा. भगत झाला, अंगारे झाले. मग कोणीतरी सुचवलं म्हणून भात विकून आलेल्या पैशातून कल्याणला स्कॅन केलं. रिपोर्टचा निष्कर्ष होता, नॉर्मल. वडील म्हणाले, ‘‘म्हणजे सोंग करतोय.’’ आईने मला विचारलं, ‘‘दादा, फोटोत काय नाय, मग पोरगा खोटा का?’’

त्या क्षणी मला धड उत्तर देता आलं नाही. हा लेख म्हणजे ते राहिलेलं उत्तर.

एमआरआय मेंदूची रचना दाखवतो. गाठ, रक्तस्राव, सूज, जुना मार, पट्टकृमीच्या अळ्यांनी मेंदूत झालेल्या गाठी, हे त्यात दिसतं. वागणं बदलण्यासोबत फिट येत असेल, हातापायांतली शक्ती जात असेल किंवा उतारवयात पहिल्यांदाच भास सुरू झाले असतील, तर डॉक्टर स्कॅन सांगतात आणि ते योग्यच आहे. अशा वेळी ‘नॉर्मल’चा अर्थ एवढाच, की या कारणांपैकी काही सापडलं नाही. स्किझोफ्रेनिया किंवा नैराश्य ‘आहे’ असं सांगणारं स्कॅन नेहमीच्या उपचारांत आजही नाही. त्यामुळे ‘नाही’ असंही ते सांगू शकत नाही.

१ डिसेंबर २०१६ रोजी धसई ‘कॅशलेस गाव’ म्हणून गाजलं. दुकानांत कार्ड घासायची यंत्रं आली. खात्यात पैसे आहेत की नाहीत, हे यंत्र सांगायचं. उधारी कोणाला द्यायची, हे मात्र दुकानदार माणूस ओळखूनच ठरवत राहिला. यंत्र खोटं नव्हतं. तो प्रश्नच त्याला विचारलेला नव्हता.

याचा अर्थ मनोविकारांचा मेंदूशी संबंध नाही, असा मुळीच नाही. १९७१मध्ये लंडनमध्ये पहिल्यांदा जिवंत माणसाच्या मेंदूचं सीटी स्कॅन झालं. पाचच वर्षांनी, १९७६मध्ये, तिथल्याच नॉर्थविक पार्क रुग्णालयात ईव्ह जॉनस्टन आणि सहकाऱ्यांनी दीर्घकाळ स्किझोफ्रेनिया असलेल्या रुग्णांची स्कॅन्स तपासली. मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या त्यांच्यात सरासरीने मोठ्या आढळल्या. पुढच्या अनेक अभ्यासांत हे पुन्हा दिसलं. अडचण ‘सरासरी’ या शब्दात आहे. पुरुष बायकांपेक्षा सरासरीने उंच असतात. पण पाच फूट चार इंच एवढंच सांगितलं, तर ती व्यक्ती पुरुष की स्त्री, हे कोण सांगणार? कित्येक रुग्णांच्या पोकळ्या निरोगी माणसाएवढ्याच असतात. संशोधन समूहाविषयी बोलतं आणि आई एका मुलाविषयी विचारते. २०२२मध्ये ‘नेचर’मध्ये आलेल्या एका मोठ्या अभ्यासाने दाखवलं, की मेंदूची चित्रं आणि मानसिक लक्षणं यांचं खात्रीचं नातं शोधायला हजारो माणसं तपासावी लागतात, कारण ते नातं फार क्षीण असतं.

मासिकांत छापली जाणारी लाल-पिवळी चित्रं बहुधा वेगळ्या तंत्राची, एफएमआरआयची असतात. त्यात रक्तातल्या प्राणवायूचे बदल मोजले जातात आणि रंग संगणक गणित करून भरतो. २००९मध्ये क्रेग बेनेट आणि सहकाऱ्यांनी एका मेलेल्या सॅमन माशाला यंत्रात ठेवून माणसांची छायाचित्रं दाखवली. गणितातली एक आवश्यक दुरुस्ती गाळली, तेव्हा माशाच्या मेंदूतही ‘हालचाल’ दिसली!

यंत्रावरच्या अशा विश्वासाची किंमत महाराष्ट्राने पाहिली आहे. २००८मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने खुनाच्या खटल्यात एका तरुणीला दोषी ठरवताना मेंदूतल्या विद्युत्-लहरींच्या चाचणीचा निष्कर्षही ग्राह्य धरला. डोक्याला तारा लावून तिला विधानं ऐकवली होती आणि गुन्ह्याचा ‘अनुभव’ तिच्या स्मृतीत असल्याचं यंत्रावरून सांगितलं गेलं. ५ मे २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी खटल्यात अशा चाचण्या संमतीशिवाय करायला मनाई केली. तो मामला निदानाचा नव्हता. पण माणसाचं म्हणणं बाजूला ठेवून त्याच्या डोक्यातलं यंत्राला विचारायचं, ही वृत्ती तीच. धसईतल्या बापाने वेगळं काय केलं?

म्हणूनच मला सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांचा ‘देवराई’ (२००४) पुन्हा पाहावासा वाटला. तो अधूनमधून शिकवायला लागतो, हा आक्षेप मला मान्य आहे. पण त्याचं बळ असं, की अतुल कुलकर्णींच्या शेषचा आजार आपल्याला फिल्मवर दिसत नाही. बहिणीच्या नजरेतून, घराच्या दमणुकीतून कळतो. कधी काय बिनसलं, कोणता शब्द पुन्हा पुन्हा येतो, याची नोंद घरच्या माणसांकडे असते. निदानाचा कच्चा मालही हाच आहे. २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही आजाराची व्याख्या विचार, मनःस्थिती, आकलन, भान आणि स्मृती यांतल्या बिघाडावरून करतो. त्या व्याख्येत चित्राची अट नाही.

पुढे मी त्या कुटुंबाबरोबर ठाण्याला मनोविकारतज्ज्ञाकडे गेलो. त्यांनी फिल्म उजेडात धरून पाहिली आणि बाजूला ठेवली. मग मुलाशी एकट्याशी बोलले. नंतर आईला विचारलं, झोप कधीपासून नाही? ताट पहिल्यांदा कधी सरकवलं? कोणाचा आवाज येतो म्हणतो? आई अर्धा तास बोलत होती. गोळ्या त्या दिवशी सुरू झाल्या.

मुलगा आता जेवतो, थोडंफार शेतातही जातो. वडील मात्र अजून मला गाठून विचारतात, ‘‘मोठ्या मशीनवर काढला तर दिसंल का?’’ मी सांगतो, ‘‘दिसेल तेव्हा दिसेल. तोवर त्याची गोळी चुकवू नका, आणि त्याला खोटा म्हणू नका.’’